अकरा वर्षांची मेढ

किन्हवली,
१२ ऑगस्ट २०२५

चि. मिताली हिस,

अनेक आशीर्वाद. अकरा वर्षांत हे माझं पहिलं पत्र. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही, कारण विषय तो नाही. विषय अंगणाचा आहे.

पत्ता तुझ्या आईच्या ट्रंकेतल्या पाकिटावरून घेतला. ती दर रविवारी गोठ्यामागे जाऊन तुझ्याशी फोनवर बोलते आणि परत आली की सांगते, "शेणी बघायला गेल्ते." गोठ्यातली गुरं विकून चार वर्षं झाली, घरात एक गोवरी उरलेली नाही. तरी शेणी बघणं चालू आहे. मी काही बोलत नाही.

तर अंगण. तुझ्या भावाने, हितेशने, मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायचं काढलं आहे. मुंबईची माणसं शनिवारी येणार, चुलीवरचं जेवणार, बेडकं ऐकत झोपणार. झोपा बापडे, माझी हरकत नाही. पण त्यासाठी अंगणाचं 'लँडस्केप' करायचं आहे, आणि जिथे तिथे लाकूड लावायचं आहे. दिवाळीत सुरुवात. कुणा मॅडमकडून नकाशा करून आणला आहे. या मॅडमनी जन्मात पाऊस पाहिलेला नसावा.

काय काय आहे ते सांगतो, म्हणजे तुलाही कळेल मी का ओरडतो. ओट्यापुढे 'डेक'. म्हणजे माळ्यावरची तक्तपोशी, फळ्यांची जमीन, काढून अंगणात अंथरायची, एवढं मला समजलं. तिचे खांब सरळ मातीत. अगो, आपल्या मातीत खांब नुसता पुरला तर वाळवी त्याला पाहुणा समजते, पहिल्या दिवसापासून जेवायला बसते. खांबाचं बूड आधी जाळून काळं करायचं, त्यावर गाडीचं जळकं ऑइल दोन हात फिरवायचं, आणि खाली दगडाची बैठक द्यायची. लाकडाला माती लागता कामा नये. हे मी हितेशला सांगितलं तर म्हणतो, "बाबा, व्हिडिओत असं नाय दाखवत."

पायवाटेला फरशीऐवजी ओंडक्याच्या गोल चकत्या. श्रावणात त्यावर शेवाळ धरेल आणि पहिला पाहुणा थेट गोठ्यात पोचेल. ओट्याच्या कडेने पांढरे खडे. आणि माझा नांगर! माझा ऐनाचा नांगर व्हर्निश मारून फाटकावर टांगलाय, त्याला दिव्यांची माळ. काल संध्याकाळी ती पेटली तेव्हा मी तोंड फिरवून बसलो. ज्याने आयुष्यभर चिखल पाहिला त्याला म्हातारपणी नाचायला लावलं.

काजल सांगते (काजल म्हणजे तुझी वहिनी, तू तिला पाहिलेलं नाहीस) की तू याच धंद्यात आहेस. नाशकात बंगल्यांच्या बागा करतेस, लाकडाची कामं अंगावर घेतेस. तिने फोनवर एक फोटो दाखवला. कमानीचा सांधा मोठा करून पाहिला. सांधा बरा आहे.

म्हणून तुला विचारतो. या मॅडमचा नकाशा बरोबर का माझं म्हणणं बरोबर, ते धंद्यातली म्हणून तू दोन ओळीत लिहून पाठव. हितेशला दाखवता येईल. बाप सांगतो ते खोटं आणि कागदावर आलं की खरं, अशी सध्या रीत आहे.

आणखी एक. ओट्याच्या कोपऱ्यावरचा उंबर काढायचा असंही नकाशात आहे म्हणे. तू गेलीस तेव्हा ती नुसती फांदी होती, म्हणून तुला ठाऊक नसेल. आपोआप रुजली.

तुझे बाबा


किन्हवली,
२ सप्टेंबर

चि. मिताली हिस,

उत्तर नाही. टपाल हल्ली रेंगाळतं, हे मी धरून चाललो आहे.

इकडे एक चमत्कार झाला. मॅडमला अक्कल आली. हितेश परवा म्हणाला, "बाबा, मॅडम म्हणतात खांबाखाली दगड द्या." मी म्हटलं, "मॅडमना माझा नमस्कार सांग. चाळीस वर्षं उशिरा का होईना, शिकल्या." तो खाली बघून हसला. बापाचं खरं निघालं की या घरात हसतात.

पण उंबराचं प्रकरण फार चिघळलं आहे आणि त्याला तूच कारण आहेस, म्हणून लिहितो.

गणपती बसतायत तोच हितेशने पाड्यावरून कमळूला बोलावलं, करवत घेऊन. कमळू आला, झाडाभोवती एक फेरी मारली आणि करवत खाली ठेवली.

"दादा, उंबर हाय हा. उंबर आमी नाय कापीत."

हितेश म्हणाला, "अरे, उंबर नाय ही! मेढ हाय. माझ्या बहिणीच्या मांडवाची. मांडवाची मेढ काढतातच की."

"मंग तिला पानं कशी?"

"रुजली ती."

"रुजली म्हंजी झाड झालं. मी चाललो. चाय ठेवलाय का?"

आता खरं तर दोघांचंही चुकत नव्हतं. मांडवाचा पहिला खांब, मुहूर्तमेढ, पुरतात तेव्हा त्याला उंबराची डहाळी बांधायची एवढीच आपली रीत. मला हौस. एकुलत्या एका लेकीचं लग्न. मी डहाळी नाही बांधली. दंडाएवढी ओली फांदीच उतरवून आणली, बुंधा खाली शेंडा वर बघून, आणि तीच मेढ म्हणून पुरली. लोक म्हणाले, राघोने मेढ पुरली का झाड लावलं? तेव्हा मी हसलो होतो.

तर अंगणात वाद पेटला, झाड का मेढ. झाड असेल तर उंबर, त्याला हात लावायचा नाही. मेढ असेल तर तिचं काम संपलं, काढायला हवी. शेजारचा कोंडू सरपंचासारखा मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, धोंडूबाईला आणा. धोंडूबाई आठवते ना? पन्नास वर्षं पाच गावांतल्या लग्नांत धवळे गाणारी आपली धवलारीण. आता ऐकू कमी येतं पण रीत विसरलेली नाही. आली, ओट्यावर बसली, काठीने बुंध्यावर दोनदा टकटक केली.

"राघो, मांडव परतवला व्हता का रे?"

मी म्हटलं, "नवरीच राहिली नव्हती, तर परतवणार काय, धोंडूबाय?"

"मंग रीतीनं मांडव उतरलाच नाय, उभाच हाय. नवरी येऊन मेढीच्या पाया पडल्याबिगर मेढ हलवायची नाय. वाळली आसती तर गोष्ट येगळी. ही तर फळाला आली."

काजलने कपाळाला हात लावला. "अगो बाई! म्हणजे सहा वर्षं मी लोकांच्या मांडवाखाली भांडी घासतेय?"

सगळे हसले. तुझी आई घरात गेली.

म्हणून निव्वळ कामापुरतं कळवतो. तुझ्या सोयीने एखादा दिवस येऊन पाया पडून जा, म्हणजे हितेशचा रस्ता मोकळा होईल. जेवायला थांबच असा आग्रह नाही. सकाळी कसाऱ्याला उतरलीस तर दुपारी परत जाता येईल.

आता एक कामाची गोष्ट. डेकच्या फळ्या हितेश अंगाला अंग लावून ठोकणार आहे. पावसात लाकूड फुगलं की त्या फळ्या एकमेकींना ढकलून वर उठतील, भावकीसारख्या. दोन फळ्यांत जुना रुपया, तो जाड, मोठा, उभा सरकेल एवढी फट हवी. तुला आठवेल, माप म्हणून मी तो खिशात ठेवायचो आणि तू गोट्यांच्या डावात घेऊन जायचीस. हे मी हितेशला सांगितलेलं नाही. नांगरावरून कालपासून आमचं बोलणं बंद आहे. कुणालाच सांगितलेलं नाही, तुला धंद्यातली म्हणून लिहिलं.

बाबा


किन्हवली,
१६ सप्टेंबर

मिताली,

काल सकाळी हितेश चहा देताना म्हणाला, "बाबा, मॅडम म्हणतात फळ्यांत जुन्या रुपयाएवढी फट ठेवा. कुठला जुना रुपया हो?"

चहा तसाच राहिला.

मी उठलो, त्याच्या खोलीतून नकाशा काढला, चष्मा लावला. इतके दिवस लांबूनच शिव्या देत होतो, नीट बघितला नव्हता. कोपऱ्यात उत्तरेचा बाण आहे. त्याला पतंगासारखं शेपूट. सहावीत भूगोलाच्या वहीत तू असाच काढायचीस आणि गुरुजी लाल शाईने खोडायचे.

म्हणजे मॅडम तू. महिनाभर तुझ्या नकाशाला मी तुझ्याकडेच शिव्या देतोय. हितेशला ठाऊक, काजलला ठाऊक, तुझ्या आईला तर ठाऊकच. हसला असाल सगळे. हसा. चकत्या आणि पांढरे खडे हितेशच्या डोक्यातले, नकाशात नाहीत, तेवढे शब्द मी मागे घेतो. खांब मातीत तूच दाखवले होतेस, ते मागे घेत नाही.

पण ते जाऊ दे. उंबराच्या जागी लाल गोल आहे, त्यावर फुली, आणि तुझ्या अक्षरात एक शब्द. 'काढणे.' मला वाटलं होतं हे हितेशचं खूळ. तो म्हणतो, "माझं काय नाय बाबा, तिची अट व्हती. आधी ते काढ, मग बाकीचं आखून देते."

अकरा वर्षांनी माझ्या अंगणात तुझं अक्षर आलं, आणि आलं ते हे.

करवत धार लावून ठेवतो. कमळू कापणार नाही, कोंडू कापणार नाही. ज्याने लिहिलं त्याने कापावं.


किन्हवली,
२५ सप्टेंबर

चि. मिताली हिस,

तुझं पत्र पोचलं. चार ओळी. चारच वेळा वाचल्या असं लिहिलं तर खोटं होईल.

तू लिहितेस, "तुम्ही ती मेढ मुद्दाम ठेवलीत. येणारा-जाणारा बघतो आणि विचारतो, मग तुम्ही सांगता ही आमच्या पळून गेलेल्या पोरीची. मी जिथे सागरगोटे खेळले त्या अंगणात तुम्ही माझ्या नावाचा खुंटा मारून ठेवलात."

यातलं खरं ते आधी कबूल करतो.

हळदीच्या सकाळी तू घरात नव्हतीस. मी मुरबाडला, ठरलेल्या मुलाकडच्यांच्या दारात गेलो, टोपी हातात घेऊन उभा राहिलो. काय ऐकून घेतलं ते लिहीत नाही. परत आलो तर कोंडू मांडवाचे वासे सोडत होता. मेढीपाशी येऊन त्याने विचारलं, "ही पण काढू का, राघो?" मी म्हटलं, "राहू दे. बघू दे सगळ्यांना." हे मी म्हटलं. तुझ्या चार ओळींपैकी एक ओळ खरी आहे.

आणि हरेशबद्दल, ज्याच्याबरोबर तू गेलीस त्याच्याबद्दल. भातसानगरची कॉलनी उठत होती तेव्हा मी तिथे हमाली करत करत सुतारांचे हात बघून काम शिकलो. पहिली दारं बसवली ती तिथल्या क्वार्टरची. त्याच्या बापाचं क्वार्टर त्यातलंच असेल. दार मीच बसवलेलं, आणि त्यातून आलेला पोरगा मला चालेना. मूळचे पाड्यावरचे लोक, आपली बोली वेगळी त्यांची वेगळी, एवढंच माझं म्हणणं होतं. ते म्हणणं किती पोकळ होतं हे कळायला अकरा वर्षं लागायला नको होती. लाकूड पोकळ आहे का हे मी बोटाने वाजवून सांगतो. स्वतःचं डोकं वाजवून बघितलं नाही.

आता बाकीच्या तीन ओळींचं.

वैशाख होता. तसल्या उन्हात पुरलेली ओली फांदी आठ दिवसांत वाळून कोळसा होते. पाचव्या-सहाव्या दिवशी ओट्यावर चूळ भरताना पाहिलं, शेंड्याची पानं मान टाकून होती. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं, ते बुडाशी ओतलं. का ओतलं म्हणून विचारशील तर तेव्हा सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी परत ओतलं. मग रोज. कुणी बघत नाही असं बघून. एकदा कोंडूने पाहिलं, त्याला म्हटलं, तांब्या विसळतोय.

बाय, जुनी माणसं म्हणतात, मेढ वाळली तर त्या नवरीचा संसार वाळतो. मांडवात तू नव्हतीस, पण लग्न तर तुझं झालंच होतं ना, तिकडे कुठल्याशा कचेरीत, आई नाही, बाप नाही, अक्षता टाकायला कुणी नाही. मी तोंडाने आशीर्वाद देणार नव्हतो. तेवढा माज होता. पण ते वाळू नये एवढं वाटत होतं. मग काय करणार? तांब्या होता.

पावसाळा लागला आणि श्रावणात बोटभर लाल पालवी आली. गावात विचारलं तर सांगितलं, आपोआप रुजली. तुला पण पहिल्या पत्रात तेच लिहिलं. खोटं लिहिलं. अकरा वर्षं तेच सांगतोय, त्यामुळे आता सफाईने जमतं.

तुझ्या आईलाही तेच सांगितलं होतं. पण आता आठवतं, त्या उन्हाळ्यात ओट्यावरचा तांब्या मला कधी अर्धा मिळाला नाही. गळ्यापर्यंत भरलेला असायचा. विहीर तळाला गेली होती तेव्हासुद्धा. या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, आणि सगळे शेणी बघायला जातात.

मेढ तुझ्या नावाची आहे, यात वाद नाही. काढायची तर काढ. मुळांनी ओटा उचललाय, हितेशचं गाऱ्हाणं खोटं नाही. पण तू ये, आणि तुझ्या हाताने काढ. कागदावर फुली मारून दुसऱ्याकडून काढून घ्यायची असली तर मी आडवा पडेन, आणि सत्तर वर्षांचा म्हातारा आडवा पडला की उचलायला चार माणसं लागतात, हे हितेशला सांगून ठेवलं आहे.

करवतीला धार लावली आहे. ये.

बाबा


किन्हवली,
२७ ऑक्टोबर

चि. सौ. मिताली हिस,

भाऊबीजेला येऊन गेलात त्याला चार दिवस झाले आणि माझं डोकं अजून तापलेलं आहे.

पहिली गोष्ट. धोंडूबाई फाटक्या आवाजात धवळे म्हणतेय, तू हळदकुंकू वाहून पाया पडतेस, इथवर सगळं रीतीने झालं. मांडव परतला. मग तू माझ्या हातातून करवत घेतलीस. तुझी आई भिंतीला धरून उभी होती, हितेशने मोबाईल खाली केला. मी मान वळवून नांगराकडे बघत बसलो, पहिल्यांदाच तो बरा दिसला. चार-सहा ओढींचा आवाज आला आणि थांबला. एवढ्यात एवढं खोड? वळून बघतो तर तू खालच्या अंगाची मनगटाएवढी फांदी हातात घेऊन उभी. तोंडाने सांगायला काय झालं होतं गो? म्हाताऱ्याचा जीव जायची वेळ आली होती.

करवत ओढताना खांदा वर घेतेस. ती सवय मोड. बाकी हात चांगला आहे.

दुसरी गोष्ट. जाताना नकाशातलं 'काढणे' खोडून तू लिहून गेलीस, 'ओटा दीड हात मागे घेणे.' हितेश ते वाचून काजलवर ओरडला. "अगो, एका उंबरापायी घराचा ओटा तोडायचा?" त्याने हट्टाने परत कमळूला बोलावलं. म्हणाला, "आता मेढ मोकळी झाली, आता काप." कमळूने शांतपणे सांगितलं, "मेढ व्हती तवा येक येळ कापली आसती दादा. मांडव परतला. आता ह्ये निव्वळ झाड झालं. उंबर आमी नाय कापीत. चाय?"

तर ओटा तुटतोय. पाहुणे दिवाळीऐवजी नाताळात. ओट्याचं कडाप्प्याचं काम मी हितेशला करू देणार नाही, मी उभा राहून करून घेतोय. चकत्या उचलून चुलीत घातल्या, खडे कोंडूच्या कोंबड्यांनी गिळायला सुरुवात केली म्हणून तेही भरले. डेकच्या फटी मी रुपयाने मोजल्या. एक फळी चुकलीय, सांगितलं आहे.

हरेशराव त्या उचललेल्या कोपऱ्यावर बसून जेवले. ताट एका बाजूला कलतंय, आमटी वाहतेय. माणूस ताटाखाली चपटा दगड सारून जेवत राहिला. लाकडाचं काम शिकवण्यासारखा आहे.

तिसरी गोष्ट, आणि सगळ्यांत महत्त्वाची. तू ती फांदी गाडीच्या टपावर बांधलीस ती उलटी. शेंडा पुढे, बुंधा मागे लोंबत. मी फाटकापर्यंत ओरडत आलो, तुम्ही काच वर केलीत. तुला वाटलं असेल म्हातारा रडतोय. मी बुंध्याबद्दल ओरडत होतो.

आता तरी ऐक. दिवस बरोबर नाहीत, उंबर लावायचा तो पावसाच्या तोंडावर, कार्तिकात नाही. पण आपल्या घरात वेळेवर कुणी काही केलंय म्हणून तूच करावंस? हातभर खोल खड्डा घे. बुंधा खाली, शेंडा वर, साल दुखावू देऊ नकोस. बुडाला शेण कालवून लाव, नाशकात शेण मिळत नसेल तर आईला सांग, तिला शेणींचा अनुभव दांडगा आहे. भिंतीपासून दहा हात लांब. ओटा असेल तर त्याहून लांब, हे मी शिकून सांगतोय. पहिला महिना पानं गळतील, वाळल्यासारखी दिसेल. घाबरून उपटून बघू नकोस, रुजली का म्हणून. उपटून बघणारांचं काही रुजत नाही.

आणि पाणी. रोज सकाळी, चूळ भरून झाल्यावर, तांब्याभर. एक दिवस चुकवायचा नाही.

कुणी विचारलं तर सांग, आपोआप रुजली. मी कुणाला बोलणार नाही.

उचललेल्या ओट्यावरून,
तुझे बाबा